लिंगोची गाथा टिपणारा पाद्री

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडून लाखनीच्या वाटेला लागतो, तेव्हा मुलखाचे रूप पालटू लागते. कापूस-ज्वारीची काळी शेते मागे पडतात आणि धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव व त्यांच्या पाठीशी उभी असलेली झाडी सुरू होते. दंडार आणि खडी गंमत रात्र रात्र जागविणारी ही झाडीपट्टी. लाखनी, साकोली, देवरी अशी गावे घेत ती पुढे सालेकसाच्या डोंगरांपर्यंत जाते. १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा प्रदेश भंडारा जिल्ह्यातच मोडत असे. या डोंगरांत दरेकसाजवळ कचारगडची विशाल गुहा आहे. माघ पौर्णिमेला तेथे महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड भाविकांचा महासागर लोटतो. आपल्या पूर्वजांना येथेच कोंडले होते आणि लिंगोने त्यांना येथूनच मुक्त केले, अशी त्यांची श्रद्धा आहे.

ही कथा शतकानुशतके केवळ कंठात आणि कानात जगली. ती सलगपणे कागदावर उतरविण्याचे मोठे काम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नागपुरात झाले. ज्या माणसाने ते केले त्याचे नाव नागपूरकरांच्या तोंडी रोज असते. प्रवेशाच्या याद्या, परीक्षा केंद्रे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा अशा अनेक निमित्तांनी ते उच्चारले जाते. मात्र हिस्लॉप कॉलेजच्या नावातील हिस्लॉप कोण, हे सांगू शकणारे थोडेच असतील. स्टीफन हिस्लॉप हे धर्मप्रसारासाठी आलेले स्कॉटिश पाद्री होते. भूगर्भशास्त्राच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे. परंतु विदर्भाच्या लोकपरंपरेवर त्यांचे जे ऋण आहे, त्याची आठवण क्वचितच काढली जाते.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील बेरिकशायर परगण्यातील डन्स या गावी झाला. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्या सीमेवरचा हा प्रदेश. मध्ययुगात येथे सरदारांच्या चकमकी, गुरांच्या लुटालुटी आणि घराण्यांची वैरे अखंड चालू असत. त्या धामधुमीतून शूरांच्या गाथा जन्मल्या आणि गावोगावच्या गायकांनी त्या जपल्या. आपल्याकडे शाहिराच्या पोवाड्याला जे स्थान, तेच तेथे या गाथांना होते. याच परगण्यातील अर्लस्टन हे गाव थॉमस द ऱ्हायमर या तेराव्या शतकातील कवीचे मानले जाते. परीराणीबरोबर सात वर्षे अद्भुत देशात राहून आलेला भविष्यवेत्ता म्हणून लोककथेने त्याला अमर केले आहे. ट्रिस्ट्रेम या वीराचे प्राचीन शौर्यकाव्य सर वॉल्टर स्कॉट यांनी १८०४ मध्ये संपादित केले, ते याच थॉमसच्या नावावर. त्याआधी १८०२-०३ मध्ये स्कॉट यांनी सीमाप्रदेशातील गाथांचा संग्रह प्रसिद्ध केला होता. हिस्लॉप लहानाचे मोठे झाले ते वीरगाथांनी भारलेल्या अशा या भूमीत.

एडिंबरा आणि ग्लासगो येथे त्यांचे शिक्षण झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि सरकारी हस्तक्षेप नाकारणाऱ्या धर्मोपदेशकांनी फ्री चर्च स्थापन केले. हिस्लॉप या नव्या चर्चच्या बाजूने उभे राहिले. त्याच सुमारास मध्य भारतात मिशन सुरू करण्याचा विचार पुढे आला होता. मद्रास फौजेतील हिल नावाच्या अधिकाऱ्याने त्यासाठी देणगी देऊ केली होती. १८४४ मध्ये हिस्लॉप यांचा विवाह इरॅस्मा हल यांच्याशी झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हे दांपत्य मुंबई बंदरात उतरले. पुढल्या वर्षाच्या प्रारंभी ते नागपूरला पोहोचले. तेव्हा ते २७ वर्षांचे होते.

त्या काळी नागपूर हे भोसल्यांच्या राज्याची राजधानी होते. गादीवर तिसरे रघुजी होते आणि सीताबर्डीवर इंग्रज रेसिडेंटचा अंमल होता. रेल्वे यायला अजून वीस-बावीस वर्षे होती. हिस्लॉप यांनी प्रथम मराठी आत्मसात केली. १८४६ मध्ये त्यांनी शाळा सुरू केली. तिच्याच परंपरेतून पुढे १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज उभे राहिले. धर्मांतराच्या कामात त्यांना फारसे यश लाभले नाही. शहरातील प्रतिष्ठितांचा विरोध होता, मुले शाळेतून काढून घेतली जात आणि मनुष्यबळ तर नेहमीच तोकडे असे. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाल्यावर थोडा भार हलका झाला. १८५३ मध्ये रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८५७ च्या जूनमध्ये नागपुरात घोडदळाचा उठाव घडण्याच्या बेतात असताना एका मुसलमान स्नेह्याने हिस्लॉप यांना सावध केले आणि त्यांनी ती वार्ता अधिकाऱ्यांना कळविली, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. परधर्माचा प्रचार करायला आलेल्या माणसाशीही गावातील लोकांचे काही नाते जुळले होते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

पायी आणि घोड्यावरून खेडोपाडी हिंडण्याची त्यांना सवय होती. पावसाळा सरला की ते दौऱ्यावर निघत. या भ्रमंतीत त्यांची नजर दगडांकडे वळली. १८५१ मध्ये नागपूरच्या पश्चिमेस टाकळी परिसरात त्यांना आणि हंटर यांना जीवाश्म आढळले. लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या मातीत गोड्या पाण्यातील शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष होते. ज्वालामुखीच्या उद्रेकांमध्ये दीर्घ विश्रांतीचे काळ होते आणि त्या काळात येथे तळी, झाडे व जीवसृष्टी नांदत होती, याचा तो पुरावा होता. दक्षिणेकडील मांगली येथील खडकात मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन विख्यात शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये केले. नागपूर परिसराच्या भूरचनेवरील हिस्लॉप आणि हंटर यांचा निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सोसायटीने प्रसिद्ध केला. हिस्लोपाइट हे हिरवट खनिज आणि हिस्लोपिया हा पाण्यातील सूक्ष्म जीव यांच्या नावांत या पाद्र्याची स्मृती आहे. त्यांनी अभ्यासलेल्या खडकांच्या एका मोठ्या समूहाला पुढे गोंडवन हे नाव मिळाले आणि १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस या शास्त्रज्ञाने लुप्त महाखंडालाही तेच नाव दिले. गोंडांचे नाव अशा रीतीने जगाच्या नकाशावर गेले.

ज्या डोंगरांत हे खडक होते, तेथेच गोंडांची गावे होती. एकेकाळी या प्रदेशाचे राज्यकर्ते असलेले गोंड तोवर नागपूरच्या दरबारी इतिहासात मागे पडले होते. वास्तविक नागपूर शहराचा पाया १७०२ मध्ये घातला तो देवगडच्या बख्त बुलंद या गोंड राजानेच. देवगडच्या घराण्याचा मूळपुरुष जाटबा याचे नाव अकबरकालीन ऐन-ई-अकबरीत आढळते. लोककथेत मात्र तो कोण्या दरबारी नोंदीतला जमीनदार नाही. रणसूर आणि घनसूर या गवळी राजांच्या पदरी राहिलेला, लाकडी तलवारीने त्यांना ठार करून राज्य मिळविणारा तो अद्भुत वीर आहे. इतिहासाचे पान कोरे असते तेथे आख्यान उभे राहते, याचे हे उदाहरण होय.

अशी आख्याने जपण्याचे काम परधानांकडे असे. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक, वंशावळीचे जाणकार आणि देवकार्यातील सहायक. प्रत्येक परधान घराण्याची ठरावीक गोंड यजमानांशी पिढ्यान्‌पिढ्यांची गाठ असे. ठरलेल्या काळाने परधान यजमानाच्या दारी येई, किंगरी वाजवून त्याच्या कुळाची आणि देवांची गाथा गाई, आणि त्याबदल्यात धान्य, वस्त्र किंवा जनावर घेऊन जाई. कोणत्या कुळाचे देव किती, कोणाची सोयरीक कोणाशी होऊ शकते, कोणता प्राणी कोणाला वर्ज्य, याचे ज्ञान त्याच्या गाण्यात साठविलेले असे. म्हणजे ते गाणे हे समाजाचे दप्तर होते. आपल्याकडे भाटांनी राजघराण्यांसाठी जे केले, ते परधानांनी डोंगरातील प्रत्येक गोंड घरासाठी केले.

हिस्लॉप यांनी अशा एका परधानाकडून लिंगोची गाथा ऐकली आणि ती गोंडी शब्दांनिशी उतरवून घेतली. गाथेचे पाच भाग आहेत. सृष्टीची आणि गोंडांची उत्पत्ती व त्यांचा बंदिवास, लिंगोचा जन्म, जीवन व मृत्यू, त्याचे पुनरुज्जीवन आणि गोंडांची मुक्तता, कुळांची विभागणी व देवपूजा, आणि शेवटी विवाहविधी असा तिचा क्रम आहे.

कथा विलक्षण आहे. महादेव गोंडांवर रुष्ट होऊन त्यांना गुहेत कोंडतो आणि तोंडावर प्रचंड शिळा लोटतो. केवळ चार भाऊ निसटून काचीकोपा लोहागडाच्या रानात लपतात. इकडे फुलातून लिंगो जन्म घेतो, उंबराच्या मधावर वाढतो आणि या चौघांचा भाऊ होऊन राहतो. तो त्यांना शेती शिकवितो. अग्नी आणण्यासाठी तो रिकाड गवाडी या राक्षसाकडे जातो, पण शस्त्र उचलत नाही. झाडावर बसून तो स्वतः बनविलेले तंतुवाद्य छेडतो आणि म्हातारा राक्षस बायकोसह नाचू लागतो. प्रसन्न झालेल्या राक्षसाच्या सात मुली भावांच्या बायका होतात. त्या लिंगोवर लुब्ध होतात, तो त्यांना झिडकारतो, त्या खोटा आळ घेतात आणि भाऊ त्याला मारून टाकतात. एवढ्यावर न थांबता त्याचे डोळे काढून गोट्यांसारखे खेळतात. भगवान कावळ्याला शोधास पाठवितो आणि अमृताच्या शिंपणाने लिंगो पुन्हा उठतो.

जिवंत झालेला लिंगो सूड घ्यायला जात नाही, बंदीत पडलेल्या गोंडांना सोडवायला निघतो. महादेव त्याला अट घालतो की, समुद्रकाठच्या बिंदो पक्ष्याची पिले आणून दाखव. आईबाप दूर गेले असता त्या पिलांना दरवेळी एक महासर्प गिळीत असतो. लिंगो सर्पाला मारतो. कृतज्ञ पक्षी त्याला पिलांसह पंखांवर घेऊन महादेवापुढे उतरतात आणि गोंडांची सुटका होते. वाटेत नदीच्या पुरात सुसर विश्वासघात करते, कासव तारते, आणि कासवाला कधीही इजा न करण्याची आण घेतली जाते. मग लिंगो गोंडांना कुळे, देव आणि विवाहाचे नियम देतो आणि अदृश्य होतो.

युरोपातील सरदारांच्या शौर्यकथांत आढळणाऱ्या कितीतरी गोष्टी येथे आहेत. अद्भुत जन्म, अशक्यप्राय कामगिरी, सर्पवध, निष्कलंक शील आणि आप्तांचा घात हे सारे येथे भेटते. फरक आहे तो वीराच्या हेतूत. लिंगोला राज्य नको, राजकन्या नको. त्याचे पहिले शस्त्र वाद्य आहे आणि त्याच्या पराक्रमाचे फळ म्हणजे एका समाजाची घडण आहे. कासवाची आण, कुळांची विभागणी, सोयरिकीचे नियम हे कथेतील अलंकार नाहीत. ऐकणाऱ्याच्या रोजच्या जगण्याचा तो कायदा आहे. म्हणूनच ही गाथा परधानाने गायची आणि गोंडांनी बसून ऐकायची, हा मनोरंजनाचा कार्यक्रम नसे. तो विधीच असे.

हिस्लॉप यांचे श्रेय त्यांच्या पद्धतीत आहे. ज्या देवांना त्यांचा धर्म मानीत नव्हता, त्यांची कथा ते टिपून घेत होते. ती आपल्या शब्दांत सांगून मोकळे होणे, किंवा अडचणीचे वाटेल ते गाळणे त्यांना सोपे होते. त्याऐवजी त्यांनी गोंडी शब्द रोमन लिपीत उतरविले आणि सोबत इंग्रजी अर्थ दिला. खडकातील शिंपला कोणत्या थरात सापडला हे नोंदविल्याखेरीज त्याला मोल नसते, ही भूगर्भशास्त्रज्ञाची शिस्त त्यांनी शब्दांनाही लावली. जमातींवरील निबंध, अनेक बोलींतील शब्दांच्या याद्या आणि ही गाणी अशी त्यांची कागदपत्रे वाढत होती. ग्रंथ पूर्ण होण्यापूर्वीच काळाने घाला घातला.

१८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि पुढच्या वर्षी रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर म्हणून नागपुरास आले. त्यांना हिस्लॉप यांच्या ज्ञानाची कदर होती. ४ सप्टेंबर १८६३ रोजी दोघे नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेले. काम आटोपल्यावर टेंपल पुढे निघाले आणि हिस्लॉप गावातील शाळा तपासण्यासाठी मागे थांबले. संध्याकाळी एकटेच निघालेल्या हिस्लॉप यांना वाटेतील नाला पावसाने फुगल्याचे लक्षात आले नसावे. छावणीवर घोडा परतला, पण त्यावर स्वार नव्हता. शोध घेतला तेव्हा त्यांचा मृतदेह पाण्यात सापडला. वयाची ४६ वर्षे पूर्ण व्हायला केवळ चार दिवस उरले होते. ज्या शिळावर्तुळांसाठी ते गेले होते, त्यांचे पद्धतशीर उत्खनन शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने १९६८-६९ मध्ये केले आणि ती लोहयुगातील दफनस्थळे असल्याचे स्पष्ट झाले.

टेंपल यांनी हिस्लॉप यांची अपुरी कागदपत्रे संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. लिंगोची गाथा जगापुढे आली ती अशी, लेखकाच्या मृत्यूनंतर. त्यानंतर तिचा प्रवास हिस्लॉप यांच्या शिस्तीने झाला नाही. १८७१ च्या आपल्या ग्रंथात कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी तिला अमेरिकन कवी लाँगफेलो यांच्या हायावाथा काव्याच्या छंदाचा साज चढविला. ब्रिटिश वाचकाला ती गोड लागली, पण परधानाचा आवाज तीत उरला नाही. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी जमातींच्या कोशात तिचा गोषवारा दिला. १९४८ मध्ये फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ आला, तेव्हा परधानांच्या कंठात या कथा अजूनही जिवंत असल्याचे दिसले. नागपुरातल्या एका परधानाने एका प्रसंगी गायिलेले रूप हे अनेक रूपांपैकी एक होते, हेही त्यामुळे ध्यानात आले. हिस्लॉप यांच्या पाठात महादेव, पार्वती आणि भगवान यांचा जो वावर आहे, त्याकडे याच दृष्टीने पाहावे लागते.

गोंड समाजातील अभ्यासकांनी पुढे ही कथा स्वतःच्या हाती घेतली. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली यांनी १९८९ मध्ये पारी कुपार लिंगोच्या गोंडी पुनेम दर्शनाची मांडणी केली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. या परंपरेत कचारगडच्या गुहेतील मुलांच्या सुटकेसाठी जंगो रायताड ही माउली तळमळते आणि हिरासुका पाटालीर याच्या किंगरीच्या सुरांनी बळ येऊन शिळा हलते. तपशील बदलले आहेत, पण सुटकेच्या मुळाशी वाद्य आहे ते दोन्हीकडे. इंग्रज अधिकाऱ्यांनी जी कथा कुतूहलाची वस्तू म्हणून वाचली, ती आज एका समाजाच्या स्वतंत्र धर्मभावनेचा आणि अस्मितेचा आधार आहे. आपला धर्म देण्यासाठी आलेल्या पाद्र्याने दुसऱ्यांच्या धर्माची कथा जपावी, हा हिस्लॉप यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा विरोधाभास आणि कदाचित सर्वांत मोठे कार्यही होय.

या कथेला आणखी एक बाजू आहे. स्कॉट यांनी सीमाप्रदेशातील गाथा जमविल्या तेव्हा मार्गारेट लेडलॉ या वृद्धेने त्यांना गाणी सांगितली. जेम्स हॉग या कवीची ती आई. पुस्तक छापून आल्यावर तिने स्कॉट यांना तोंडावर बजावले की, ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हे, छापून तुम्ही ती बिघडवली. तिची तक्रार इतिहासात राहिली आणि तिच्याबरोबर तिचे नावही राहिले. नागपूरच्या परधानाला अशी तक्रार करण्याची संधी मिळाली नाही. त्याच्या भाषेत छापलेले पुस्तक इंग्रजांसाठी होते.

हिस्लॉप यांचे नाव कॉलेजला मिळाले, खनिजाला मिळाले, तळ्यातील जिवाला मिळाले. टेंपल यांच्या कारकिर्दीवर ग्रंथ आहेत. ज्याने लिंगोचा जन्म, वध आणि पुनर्जन्म गाऊन दाखविला, ओळ थांबवून पुन्हा म्हटली, परक्या माणसाला शब्दाचा अर्थ समजावला, त्या परधानाचे नाव मात्र आज कोणाच्याही ओठी नाही. किंगरी वाजविणारे हात आता झाडीपट्टीतही विरळ झाले आहेत. लाखनीपासून सालेकसापर्यंतच्या गावांतून, किंवा सीमेपलीकडच्या आदिलाबादेत, जे वृद्ध परधान अजून गात असतील, त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित करणे आज अवघड नाही. हिस्लॉप यांच्याजवळ दौत, लेखणी आणि कंदील होता. आज ते काम करणाऱ्याने गाण्याच्या आधी गाणाऱ्याचे नाव लिहून घेतले, तर त्या पहिल्या परधानाचे थोडे तरी ऋण फिटेल.